पडदा मोठा, चित्र मात्र धूसर!

३२ इंचांपेक्षा मोठ्या दूरचित्रवाणी संचांवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्यापूर्वी कमी कराचा लाभ केवळ ३२ इंचांपर्यंतच्या संचांनाच होता. साहजिकच, मध्यमवर्गीय दिवाणखान्यातही ५५ इंची 'फोर-के' पडद्याची स्वप्ने रंगू लागली. मात्र, पडद्याची क्षमता आणि घरात येणारे प्रक्षेपण यांतील तफावत ग्राहकांच्या सहसा लक्षात येत नाही.

'फोर-के' पडद्यावर सुमारे ८३ लाख चित्रबिंदू असतात. साध्या वाहिनीचे चित्र जेमतेम ४ लाख बिंदूंचे. उरलेले बिंदू संच अंदाजाने भरतो. पडदा जितका मोठा, तितकी ही उणीव ठळक! सेट-टॉप बॉक्स जुना, साधा असेल, तर 'एचडी' वाहिन्या त्यावर दिसतच नाहीत. दुकानातील झगमगते चित्र मात्र प्रात्यक्षिकासाठी खास निवडलेले असते.

त्यामुळे खरेदीपूर्वी दोन गोष्टी तपासणे इष्ट: घरात येणारे प्रक्षेपण आणि सोफ्यापासून भिंतीचे अंतर. हे अंतर दोन मीटरच्या आसपास असल्यास ४३ इंची संचही पुरेसा ठरतो. अन्यथा, करकपातीत वाचलेला पैसा धूसर चित्रापायीच खर्ची पडायचा.