मनाचं दुखणं मराठीत, माहिती मात्र इंग्रजीत!

मनोविश्लेषणाचा 'पेप-वेब' हा ऑनलाइन संग्रह बघा. फ्रॉइडचे इंग्रजी २४ खंड, जुनी नियतकालिकं, शब्द टाकला की पान समोर. पण पैसे मोजून, आणि बहुतेक इंग्रजीत.

आपल्याकडे काहीच नव्हतं का? गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये कोलकात्यात मनोविश्लेषण संस्था काढली. र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य'मध्ये लैंगिक प्रश्नांवर मराठीत उघड लिहिलं, खटले सोसले.

असे अंक नुसते स्कॅन करून भागत नाही. त्यात मराठी शब्द शोधता आला पाहिजे. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचं. अशा वाचनालयांना सरकारनं या कामासाठी निधी द्यावा. घुसमट मराठीत होते, मग वाचायला इंग्रजीच का? तुम्हाला काय वाटतं?