एका गाडीत दोन भाषा

परक्या देशात आपल्याला सर्वांत जास्त सहवास कोणाचा लाभतो? माझ्या मते ड्रायव्हरचा. गाइड देवळापाशी भेटतो, सनावळ्या सांगतो आणि पैसे घेऊन जातो. हॉटेलातली माणसं हसून स्वागत करतात, पण ते हसू सगळ्यांसाठी सारखंच. ड्रायव्हर मात्र दिवसाचे आठ-दहा तास आपल्याबरोबर असतो. आणि लांबचा रस्ता असला की माणूस मोकळं बोलतो, हे आपल्या बेळगाव-गोवा घाटातही खरं आणि सातासमुद्रापलीकडेही खरं.

गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघं नऊ दिवस श्रीलंकेला जाऊन आलो. कटुनायकच्या विमानतळावर व्हॅन घेऊन आलेला ड्रायव्हर पन्नाशीचा, सावळा, अबोल वाटणारा. माझ्या हातातली पिशवी घेत म्हणाला, "द्या अक्का." मी चमकलेच! मराठीत अक्का, कन्नडमध्ये अक्का, तमिळमध्ये अक्का आणि सिंहलीतही अक्काच. धाकट्या भावाला सिंहलीत 'मल्ली' म्हणतात असं त्यानं सांगितलं. तेव्हापासून तो आमचा मल्ली. आमच्या ह्यांना त्यांच्या ऑफिसातल्या मल्लाप्पाची आठवण झाली, ते वेगळंच.

तिथल्या रिवाजाप्रमाणे हॉटेलात ड्रायव्हरची राहण्या-जेवण्याची सोय निराळी असते. दुसऱ्या दिवशी आम्ही रस्त्याकडेच्या खानावळीत त्याला आग्रहानं आमच्या टेबलावर बसवलं आणि मग आमची खरी शाळा सुरू झाली. नारळाच्या दुधात शिजवलेला भात आला. त्याचं नाव 'किरिबत'. 'किरि' म्हणजे दूध आणि 'बत' म्हणजे भात. आपली खीर आणि आपला भात एका शब्दात! गाव म्हणजे 'गम', नाव म्हणजे 'नम'. आकडे म्हणा म्हटलं तर एक, देक, तुन, हतर, पह. धन्यवाद म्हणायचं तर 'बोहोम इस्तुति', म्हणजे आपली बहुत स्तुती. सिंहली भाषा मराठीच्याच गोत्रातली, हे पुस्तकात वाचलं होतं. पण ताटात वाढलेलं पाहिलं तेव्हा पटलं.

गंमत अशी, की पाट्यांवरची सिंहली अक्षरं मात्र कन्नडसारखी गोल गरगरीत. आत्ता वाचता येईल असं वाटतं, आणि एक अक्षर लागेल तर शपथ! तिथे बहुतेक सरकारी पाट्या तीन भाषांत असतात: सिंहली, तमिळ, इंग्रजी. पाट्यांवरून काय काय होतं, हे सीमाभागातल्या वाचकांना मी सांगायला नको. मी कौतुकानं म्हटलं, "किती छान!" मल्ली हसला. म्हणाला, "अक्का, पाटीवर तीन भाषा आहेत. टेबलामागच्या साहेबाला किती येतात, ते कचेरीत जाऊन बघा."

मग हळूहळू एकेक गोष्ट निघाली. १९५६ साली कायदा करून एकटी सिंहली राजभाषा झाली. तमिळला तो मान मिळायला १९८७ साल उजाडलं. तोवर युद्ध पेटलं होतं. १९८३ ते २००९, सव्वीस वर्षं. आम्ही ज्या रस्त्यानं चाललो होतो तो 'ए नाइन', कँडीहून जाफन्याला जाणारा. युद्धात तो बहुतेक काळ बंदच असायचा. मल्लीनं पहिल्यांदा जाफना पाहिलं ते चाळिशीच्या उंबरठ्यावर. २०२२ च्या टंचाईत त्याच्या व्हॅनला आठवड्याला वीस लिटर इंधन मिळे. तेव्हा तो घरी बसून काय करत होता? मुलीला पाढे शिकवत होता. हे सांगतानाही तक्रारीचा सूर नाही.

सहाव्या दिवशी मातळे गाव लागलं. तिथे मुत्तुमारिअम्मनचं मोठं देऊळ आहे. १९८३ च्या दंगलीत त्याचीही नासधूस झाली होती. दर्शन घेऊन आलो, तर मल्ली म्हणाला, "अक्का, माझं घर इथून जवळ आहे. चहा घेऊन जा."

घरात बायको, चौदा वर्षांची मुलगी आणि पंचाहत्तरीच्या पुढची आई. आई तमिळ, चहाच्या मळ्यात जन्मलेली, वडील सिंहली. हे त्यानं पाच दिवसांत एकदाही सांगितलं नव्हतं. म्हातारीशी काय बोलावं कळेना, म्हणून मी सरळ कन्नडमध्ये सुरू केलं. "निम्म हेसरु एनु?" त्यांनी डोळे बारीक केले. "पेर?" हो, पेर! आपला 'ह' तिकडे 'प' होतो. हालू म्हणजे पाल, हूवू म्हणजे पू. आम्ही दोघी दूध, फूल, मुलगी, पाणी असं एकेक बोट मोडत बसलो. सिंहलीला माझी मराठी उपयोगी पडली होती, तमिळला कन्नड उपयोगी पडली. दोन भाषांच्या घरात वाढल्याचं एवढं सुख मला कधी झालं नव्हतं.

मुलगी मात्र आजीकडे टकामका बघत होती. तिला त्यातलं काही कळत नव्हतं. निघाल्यावर गाडीत मल्ली म्हणाला, "आई आज पुष्कळ वर्षांनी पाहुण्यांसमोर तमिळ बोलली."

१९८३ च्या जुलैत दंगलखोर बस अडवत आणि उतारूंना 'बाल्दिय' हा शब्द म्हणायला लावत. बाल्दिय म्हणजे आपली बालदीच. दोन्हीकडे पोर्तुगीजांनीच दिलेली. तमिळ जिभेला सुरुवातीचा 'ब' जड जातो. ज्याची जीभ अडखळली तो संपला. मल्ली तेव्हा नऊ वर्षांचा होता. वडिलांच्या भावानं सगळ्यांना लपवलं. त्या रात्री अंधारात आई तो एकच शब्द पुटपुटत होती, बाल्दिय, बाल्दिय. पुढे बाजारात जाताना तिनं कुंकू लावणं सोडलं आणि मुलांशी तमिळ बोलणंही. रस्त्यात चुकून तोंडातून शब्द निघू नये म्हणून. मल्लीला तमिळ कानानं येतं, वाचता येत नाही. मुलीपर्यंत ते पोचलंच नाही.

आपल्या घरात दिवसातून दहा वेळा बालदी हा शब्द येतो. त्यावर कोणाचा जीव टांगलेला असू शकतो, हे मनात येत नाही. आपल्याकडेही भाषेवरून मोर्चे निघाले, डोकी फुटली, घरं दुखावली. तरीही आमच्या सुनेला तिच्या माहेरची कन्नड आमच्या स्वयंपाकघरात दबक्या आवाजात बोलावी लागत नाही. ही साधी गोष्ट नाही. ती जपायला हवी, आणि जपायची ती घरापासून.

मल्लीच्या मुलीला आता शाळेत दुसरी राष्ट्रभाषा म्हणून तमिळ आहे. पुस्तक दप्तरातच राहायचं, आजीपुढे कधी उघडलं नव्हतं. निघताना मी तिला म्हटलं, "मी दोन तासांत आजीकडून दहा शब्द शिकले, तू किती शिकशील?" मल्लीनं भाषांतर केलं. मुलगी लाजली, आजी हसली.

परवा मल्लीनं फोनवर आवाज पाठवला. मुलगी तमिळचा धडा अडखळत वाचते आहे आणि मागून एक खणखणीत म्हातारा आवाज तिला मध्येच थांबवून उच्चार सुधारतो आहे. 'पाल' आणि 'पू' तेवढे मला कळले. बाकीचं कॅम्पातल्या आमच्या तमिळ वहिनींकडून समजून घेणार आहे.