पेढ्याएवढ्या जागेत १,३६६ भाग

मुलांनो, आजोबांच्या कपाटात एखादं जुनं चावीचं घड्याळ आहे का हो? एचएमटीचं असेल, पट्टा तुटला असेल, काचेवर चरे पडले असतील. पण चावी दिली की टिकटिक सुरू! असेल तर आज मागून घ्या (विचारून हं, गुपचूप नाही) आणि कानाशी धरा. ही टिकटिक ऐकता ऐकता आपण त्याच जातीच्या, पण भलत्याच हुशार घड्याळाची गोष्ट बघू.

तारीख होती ९ नोव्हेंबर २०१९. स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हा शहरात घड्याळांचा लिलाव चालला होता. लिलाव पुकारणारी कंपनी होती क्रिस्टीज. एकूण ५० घड्याळं विकायची होती. त्यातलं एक पाटेक फिलिप या जिनिव्हातल्याच जुन्या कंपनीनं बनवलेलं. नाव 'ग्रँडमास्टर चाइम'. जाणकारांचा अंदाज होता, की याला २५ ते ३० लाख स्विस फ्रँक मिळतील. बोली सुरू झाली, ३० लाख मागे पडले, एक कोटी मागे पडले, दोन कोटीही मागे पडले, आणि हातोडा आपटला तो थेट ३ कोटी १० लाख फ्रँकवर! त्या वेळच्या भावानं आपले सुमारे २२० कोटी रुपये. तोवर लिलावात कुठल्याच घड्याळाला, मनगटावरच्या नाही की खिशातल्याही नाही, एवढी किंमत आली नव्हती.

मग ते हिऱ्यांनी मढवलेलं असेल? छे! ते स्टीलचं होतं. तुमचा डबा ज्या धातूचा, त्याच्याच जातीचं. गंमत म्हणजे या प्रकारची बाकीची घड्याळं कंपनीनं सोन्याची केली. स्टीलचं हे एकच. तबकडीवर इंग्रजीत लिहूनच टाकलं होतं, 'द ओन्ली वन', म्हणजे एकमेव. लिलावात वस्तूची किंमत धातूच्या वजनावर ठरत नाही. ती दुसरी मिळणार नाही आणि निदान दोघांना ती हवीच आहे, एवढं पुरतं.

पण खरी श्रीमंती आत होती. घड्याळजींच्या भाषेत तास, मिनिट आणि सेकंद दाखवण्यापलीकडे घड्याळ जे जे जादा काम करतं, त्याला 'कॉम्प्लिकेशन' म्हणतात, म्हणजे गुंतागुंत. तारीख दाखवणं ही एक गुंतागुंत, गजर ही दुसरी, चंद्राची कला ही तिसरी. या घड्याळात अशा २० होत्या. तबकड्याही दोन, एक पुढे आणि एक मागे. हवी ती बाजू वर करून बांधायची! आतलं यंत्र जेमतेम ३७ मिलिमीटर रुंद आणि एखादा सेंटिमीटर जाड, म्हणजे साधारण एका पेढ्याएवढं. त्यात भाग किती? १,३६६. विजेचा सेल नाही, चिप नाही. नुसती चाकं, तरफा, स्क्रू आणि गुंडाळलेल्या कमानी.

सगळ्या गुंतागुंती सांगत बसले तर पान पुरायचं नाही. मला सगळ्यात आवडणाऱ्या दोन सांगते.

पहिली पंचांगाची. कोणता महिना ३० दिवसांचा आणि कोणता ३१ चा, हे आपण मूठ वळून बोटांच्या उंचवट्यांवर मोजतो ना? अशी घड्याळं अगदी तेच करतात! आत एक चाक असतं, ते चार वर्षांत एकदाच पूर्ण फिरतं. चार वर्षं म्हणजे ४८ महिने. चाकाच्या कडेवर महिन्यांप्रमाणे उंचसखल खाचा कोरलेल्या असतात. ३१ दिवसांच्या महिन्याला खाच नाही, ३० च्या महिन्याला उथळ खाच, फेब्रुवारीला खोल, आणि लीप वर्षातल्या फेब्रुवारीला किंचित कमी खोल. महिना संपत आला, की एक छोटीशी तरफ बोटानं चाचपावं तशी ती खाच चाचपते, आणि तारखेच्या काट्यानं किती उड्या मारायच्या ते ठरतं. २८ फेब्रुवारीच्या रात्री १२ वाजता कुणीही हात न लावता १ मार्च उगवतो. मोजणी बोटांची, पण बोटं पोलादाची.

आता एक अडचण ऐका. चारानं भाग जाणारं वर्ष लीप वर्ष, हे तुम्ही शिकलात. पण शतकाच्या वर्षाला ४०० नं भाग जावा लागतो. म्हणून २००० हे लीप वर्ष होतं, २१०० नसणार. चार वर्षांच्या चाकाला हे कळायचं कसं? ते २१०० साली २८ फेब्रुवारीनंतर बिनदिक्कत २९ तारीख दाखवणार, आणि कुणीतरी ती हातानं पुढे सरकवावी लागणार. आज जो दहा वर्षांचा आहे, तो तेव्हा ऐंशी-पंच्याऐंशीच्या घरात असेल. वहीत लिहून ठेवा, पणतवंडांसमोर भाव खाता येईल!

दुसरी गुंतागुंत बोलण्याची. या घड्याळाला पाच तऱ्हांनी टोल देता येतात, आणि त्यासाठी आत तीन वेगवेगळ्या सुरांच्या बारीक तारा आणि त्यांवर आपटणाऱ्या इवल्या हातोड्या आहेत. दर पाव तासाला ते आपणहून टोल देतं. बटण दाबलं, की त्या घडीला किती वाजले ते मिनिटापर्यंत वाजवून सांगतं. आधी तासाचे टोल, मग पावतासाचे, मग उरलेल्या मिनिटांचे. समजा ३ वाजून ४७ मिनिटं झालीत. तर तासाचे तीन, पावतासाचे तीन (झाली ४५ मिनिटं) आणि मिनिटांचे दोन. याची युक्ती सतराव्या शतकाच्या अखेरीला इंग्लंडात निघाली. तेव्हा विजेचे दिवे कुठले? रात्री वेळ बघायची तर मेणबत्ती पेटवा. त्यापेक्षा अंथरुणात पडल्या पडल्या ऐकलेलं बरं! आणि ग्रँडमास्टर चाइमची कडी म्हणजे ते तारीखसुद्धा टोल देऊन सांगतं.

"मग बाई, ते वेळ एकदम बरोबर दाखवत असेल?" असं तुमच्यातला कुणीतरी विचारणारच. उत्तर ऐकून हसाल. बाजारात दोन-तीनशे रुपयांना मिळणारं सेलचं घड्याळ यापेक्षा अचूक असतं! सेलच्या घड्याळात क्वार्ट्झचा स्फटिक असतो, तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. ग्रँडमास्टर चाइमचं झुलतं चाक तासाला २५,२०० ठोके देतं. भागा ३,६०० नं, सेकंदाला फक्त ७. चांगल्यातलं चांगलं चावीचं घड्याळही दिवसाकाठी दोन-चार सेकंद इकडे-तिकडे होतं. तेव्हा वेळेसाठी एवढे पैसे कुणी मोजत नाही. हातानं घासून, पारखून, पुन्हा पुन्हा खोलून बसवलेल्या त्या कामाला लोक पैसे मोजतात, आणि थोडे मोठेपणालाही, खोटं कशाला बोला. मला विचाराल तर एका मनगटासाठी २२० कोटी ही रक्कम काही पचत नाही.

पण हे पैसे कंपनीच्या तिजोरीत गेले नाहीत. हा लिलाव होता 'ओन्ली वॉच' नावाचा. ल्युक पेत्ताविनो नावाच्या गृहस्थांनी तो २००५ साली सुरू केला. त्यांच्या मुलाला 'डुशेन' नावाचा आजार होता. दर दोन वर्षांनी घड्याळ कंपन्यांनी एकेक खास घड्याळ दान करायचं आणि लिलावाचे पैसे या आजाराच्या संशोधनाला लावायचे, अशी ती कल्पना. २०१६ मध्ये तो मुलगा गेला. वडिलांनी लिलाव थांबवला नाही. २०१९ चा लिलाव त्याच्यानंतरचा.

डुशेन हा जन्मतःच येणारा आजार आहे, आणि तो बहुतेक करून मुलग्यांनाच होतो, साधारण पाच हजारांत एकाला. आपल्या स्नायूंमध्ये डिस्ट्रोफिन नावाचं एक प्रथिन असतं. ते स्नायूंच्या पेशींना आधार देतं. या मुलांच्या शरीरात तेच तयार होत नाही. एवढ्या मोठ्या देहात एकच भाग कमी! पण त्यामुळे प्रत्येक हालचालीसरशी स्नायू थोडे थोडे फाटतात आणि झिजत जातात. बारा-तेरा वर्षांपर्यंत बऱ्याच जणांना चाकाची खुर्ची लागते. पुढे हृदय आणि श्वासाचे स्नायूही थकतात. डोकं मात्र बहुतेकांचं तुमच्या-माझ्यासारखंच चालतं.

पालकांनो, हे थोडं तुमच्यासाठी. मुलगा उशिरा चालायला लागला, सारखा पडतो, जिना चढताना दमतो, जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत टेकत उभा राहतो, पोटऱ्या फुगीर दिसतात, असं काही असेल तर त्याला 'आळशी' किंवा 'धांदरट' म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. पहिली-दुसरीच्या वर्गात कवायतीच्या तासाला हे सगळ्यात आधी दिसतं, म्हणून आम्हा शिक्षकांनीही डोळे उघडे ठेवायला हवेत. पूर्ण बरं करणारं औषध अजून नाही. पण आजाराचा वेग कमी करणारी औषधं आहेत, आणि काही मुलांसाठी नवे उपचारही निघालेत. लवकर कळलं तर फरक पडतो.

पुढे या लिलावावर टीकाही झाली. जमलेल्या कोट्यवधींपैकी संशोधनावर नेमके किती खर्च झाले, असा प्रश्न २०२३ मध्ये लोकांनी जाहीरपणे विचारला, आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरात ठरलेला लिलाव पुढे ढकलावा लागला. संस्थेनं हिशेब जाहीर केले. मग मे २०२४ मध्ये जिनिव्हातच तो पार पडला. प्रश्न विचारले गेले ते बरंच झालं. वर्गातल्या सहलीच्या वर्गणीचा हिशेब तुम्ही मागताच की!

आता आजोबांचं घड्याळ परत जागेवर ठेवा, आणि हे कोडं घरातल्या मोठ्यांना घाला. टोल देऊन वेळ सांगणाऱ्या घड्याळाला सगळ्यात जास्त टोल किती वाजता द्यावे लागतील? आणि सगळ्यात कमी? ३ वाजून ४७ मिनिटांचं उदाहरण वर दिलंच आहे. उत्तर मी सांगणार नाही. कागद-पेन्सिल घ्या आणि १२ पासून सुरुवात करा.