कुलाबा गेले, भायखळा राहिले

पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेली. तेथील आजची भव्य वास्तू मात्र १८८७ची. २००४ मध्ये ती जागतिक वारसा ठरली आणि कौतुकाचा सारा ओघ तिच्याकडेच वळला. बी. बी. अँड सी. आय. रेल्वेचे कुलाबा टर्मिनस १९३०च्या अखेरीस बंद झाले. चर्चगेटपलीकडचे रूळ उखडले गेले. त्या जागेवर आता बधवार पार्क ही रेल्वेचीच वसाहत आहे. भायखळ्याचे जुने स्थानक मात्र खासगी मदतीने पुन्हा मूळ रूपात आले आणि २०२२ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक पुरस्काराचे मानकरी ठरले. सीएसएमटीच्या पुनर्विकासाला केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मंजुरी दिली. तेथे निदान युनेस्कोची नजर आहे. उपनगरांतील जुन्या स्थानकांवर हातोडा पडू लागला, तर तो अडविणार कोण?