चाकावरचे बिऱ्हाड

आमच्या रायगडच्या किनाऱ्याला इंधन बदलण्याचे नवल नाही. आधी शिडाची गलबते वाऱ्यावर चालत, मग कोळशाच्या आगबोटी आल्या. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेना, तेव्हा मोटारींच्या पाठीशी भट्टी बांधून कोळशाच्या गॅसवर त्या हाकल्या गेल्या. पुढे डिझेलचे राज्य आले. आता पाळी विजेची.

त्यातच २०२१ साली राज्य सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. कॅराव्हॅन म्हणजे चाकावरचे बिऱ्हाड. बिछाना, शेगडी, पाण्याची टाकी, सारे बरोबर! हे बिऱ्हाड विजेवर चालायचे, तर जड गाडीला बॅटरीही मोठी हवी. डिझेल पाच मिनिटांत भरते, बॅटरीला तास लागतात. पण बिऱ्हाडाला घाई कसली? नागावच्या एखाद्या वाडीत रात्रीचा मुक्काम पडला, की माणसेही झोपतात आणि बॅटरीही भरते. वाडीवाल्याला चार पैसे मिळतात ते वेगळेच.

मला धास्ती आहे ती तारेची. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळले, विजेचे खांब आडवे झाले आणि कित्येक गावे अनेक दिवस अंधारात राहिली. अशा वेळी रिकाम्या बॅटरीची गाडी जागची हलणार नाही. म्हणून, वाचकहो, या गाड्यांचे स्वागत करण्याआधी तारा जमिनीखाली जाव्यात, वाड्यांच्या छपरांवर सूर्याची वीज साठावी. पाहुण्याची गाडी तर चालेलच. मुख्य म्हणजे यजमानाच्या घरातला दिवाही वादळात विझणार नाही.