कुंपणाबाहेरचे दगड

आज १८ एप्रिल, जागतिक वारसा दिन. युनेस्कोने १९८३ साली त्याला मान्यता दिली. तेव्हापासून या दिवशी व्याख्याने होतात, फलक झळकतात, प्रेक्षणीय स्थळांच्या याद्या छापून येतात. आम्ही मात्र आज अशा एका जागेविषयी लिहिणार आहोत, जी जागतिक वारशाच्या यादीत नाही.

इंग्लंडच्या पूर्व भागात, नॉरफक परगण्यात, कासल एकर नावाचे खेडे आहे. नार नावाच्या लहानशा नदीच्या काठी तिथे एका प्रायरीचे अवशेष उभे आहेत. प्रायरी म्हणजे ख्रिस्ती साधूंचा मठ. पण तिचा प्रमुख, प्रायर, बहुधा दुसऱ्या मोठ्या मठाच्या हुकमतीखाली असे. इथली अंतिम हुकमत फ्रान्समधल्या क्लूनी या मोठ्या मठाची. १०८९ च्या सुमारास दुसऱ्या विल्यम द वॉरेन या नॉर्मन सरदाराने ही प्रायरी वसवली. साधूंचा दिवस बव्हंशी प्रार्थनेत जाई, पण भांडणे चुकली नाहीत. १२८३ मध्ये विल्यम ऑफ शोरहॅम या प्रायरच्या जागी दुसऱ्याची नेमणूक झाली, तेव्हा या गृहस्थाने गादी सोडायचे नाकारून मठाभोवती चक्क शस्त्रधारी माणसे उभी केली. गादीचा मोह भगव्यातच असतो असे नाही, काळ्या झग्यातही असतो.

१५३७ मध्ये हे सगळे संपले. आठव्या हेन्रीने देशातले मठ मोडीत काढले आणि साधूंना कासल एकर राजाच्या स्वाधीन करावे लागले. आज चर्चची पश्चिमेकडची दर्शनी भिंत जवळजवळ पूर्ण उंचीची उभी आहे. तिच्यावर कमानींच्या ओळीवर ओळी कोरल्या आहेत. त्यातून वाट कुठेच नाही, त्या निव्वळ शोभेसाठी. प्रायरच्या घराचे छप्पर शाबूत आहे, आत रंगवलेल्या तुळया दिसतात. बाकी चर्चचे मात्र गारगोट्यांचे ओबडधोबड खांब उरलेत, कुणी अंगावरची कातडी सोलून न्यावी तसे.

खरोखरच सोलून नेलेली आहे. नॉरफकमध्ये बांधकामाला चांगला दगड सापडत नाही; सापडते ती गारगोटी. म्हणून भिंतीचा गाभा गारगोटी-चुन्याचा करायचा आणि वरून बाहेरगावाहून आणलेला घडीव दगड लावायचा, अशी तिथली रीत. मठ ओस पडल्यावर तो महागाचा दगड भिंतीवर कोण राहू देणार? घरांचे कोपरे, दारांच्या चौकटी, आवारांच्या भिंती, असा तो गावभर वाटला गेला. तेव्हा प्रायरी पाहायची तर तिकिटाच्या आत थोडा वेळ आणि गावात त्याहून जास्त, हा आमचा हिशेब. गावाच्या तोंडाशी तेराव्या शतकाच्या सुमाराची बेली गेट ही वेस आहे. तिच्या कमानीखालून आजही मोटारी एकामागून एक, अंग चोरून जातात.

गावातून पेडर्स वे हा रोमनकालीन रस्ता जातो. आता ती सुमारे ७४ किलोमीटरची पायवाट आहे. नदी ओलांडली की साउथ एकर. तिथल्या चर्चमध्ये सर जॉन हार्सिक आणि त्यांच्या पत्नीचे पितळी स्मारक आहे: दोघे सहाशेहून अधिक वर्षे एकमेकांचा हात धरून उभे. वेस्ट एकरमध्ये आणखी एक प्रायरी होती. तिचे थोडेच उरले आहे, म्हणून तिकडे फारसे कुणी वळत नाही.

या दगडांच्या पळवापळवीला लूट म्हणायचे का? राजाने मठ मोडला ती लूट होती. गावकऱ्याने पडक्या भिंतीचा दगड उचलून गोठ्याला लावला, त्याला आम्ही तो शब्द वापरणार नाही. त्याच्यामुळेच तो दगड आज कुणाच्या तरी घराचा भाग होऊन जिवंत आहे. अर्थात हे न्याय्य ठरवून आज कुणी कुदळ उचलू नये. उरलेले थोडे आहे.

हाच हिशेब आपल्याकडेही लावून पाहता येईल. २०२५ च्या जुलैमध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले. त्यांतले अकरा महाराष्ट्रात आहेत. या उन्हाळ्यात त्यांपैकी एखाद्यावर जाणार असाल, तर उतरल्यावर लगेच गाडीत बसू नका. पायथ्याच्या गावात तासभर थांबा, आणि तिथल्या भिंतींकडे नीट पाहा.