मोक्याचा फलंदाज कोणास म्हणावे?

बेसबॉल या अमेरिकी खेळाच्या चाहत्यांत एक वाद पिढ्यान्‌पिढ्या रंगत आला आहे. सामना पणाला लागला असता हमखास फटका मारणारा, ज्याला तिकडे ‘क्लच हिटर’ म्हणतात, असा सर्वश्रेष्ठ फलंदाज कोण? शेवटच्या षटकात मैदानात कोण हवा, यावर आपल्याकडे ज्या हिरिरीने बोलले जाते तीच हिरीरी तिकडेही आढळते. वाद करमणुकीचा आहे हे मान्य. परंतु त्यात कोणाला धैर्याचे प्रशस्तिपत्र मिळते आणि कोणाच्या कपाळी कच्च्या काळजाचा शिक्का बसतो. म्हणून तो थोडा तपासून पाहावयास हवा.

अलीकडच्या काळात या मानाचा पहिला दावेदार म्हणजे बॉस्टन रेड सॉक्सचा डेव्हिड ऑर्टिझ. २००४ साली अमेरिकन लीगच्या अंतिम फेरीत न्यूयॉर्क यांकीजविरुद्ध बॉस्टन तीन सामने हरले होते. आणखी एक पराभव म्हणजे सारे संपले. चौथा सामना ऑर्टिझने बाराव्या डावात होमरन मारून जिंकला. तो मध्यरात्र उलटून गेल्यावर संपला आणि त्याच तारखेच्या रात्री पाचवा सामनाही ऑर्टिझच्याच फटक्याने, चौदाव्या डावात निकालात निघाला. बॉस्टनने ती फेरी जिंकली आणि पाठोपाठ ८६ वर्षांनी वर्ल्ड सिरीजही. असा पराक्रम पाहिल्यावर या माणसाच्या अंगी काही वेगळेच रसायन आहे, असे कोणालाही वाटेल.

पण त्याच ऑर्टिझचा २०१३ चा ऑक्टोबर पाहा. लीगच्या अंतिम फेरीत २२ प्रयत्नांत त्याला अवघे दोन यशस्वी फटके मिळाले. त्यांपैकी एक सामन्याचा रंग पालटणारा होमरन होता, हे खरे. परंतु सरासरी पडली ०.०९१. लगेच पुढल्या वर्ल्ड सिरीजमध्ये १६ प्रयत्नांत ११ फटके, सरासरी ०.६८८! (या खेळात दहांपैकी तीनदा यश मिळविणारा उत्तम फलंदाज गणला जातो.) एकाच महिन्यात एकाच माणसाचे धैर्य आटले आणि पुन्हा उसळले, असे मानावयाचे काय? की प्रयत्नांची संख्याच इतकी तुटपुंजी, की तिच्यावरून स्वभावाचे निदान करणे व्यर्थ?

रिचर्ड क्रॅमर या रसायनशास्त्रज्ञाने १९७७ साली नेमका हाच प्रश्न उपस्थित केला. १९६९ मध्ये मोक्याच्या वेळी जे फलंदाज चमकले, तेच १९७० मध्येही चमकले काय, हे त्याने आकडेमोड करून पाहिले. दोन्ही वर्षांच्या कामगिरीत त्याला काही संबंध आढळला नाही. अंगचा गुण असता तर तो दुसऱ्या वर्षीही दिसावयास हवा होता. सुमारे २५ वर्षांनी बिल जेम्स या नामवंत अभ्यासकाने त्यावर आक्षेप घेतला. धुक्यात माणूस दिसला नाही म्हणून तेथे कोणी नव्हते असे ठरत नाही, असा त्याच्या म्हणण्याचा आशय. आक्षेप रास्त आहे. तथापि ज्यांना तो माणूस धुक्यातही स्पष्ट दिसतो, त्यांची बाजू त्याने बळकट होत नाही.

या हट्टाची सर्वांत मोठी किंमत मोजली ती टेड विल्यम्सने. कारकिर्दीची सरासरी ०.३४४. मात्र त्याच्या वाट्याला वर्ल्ड सिरीज आली ती एकदाच, १९४६ साली. तीत २५ प्रयत्नांत पाच फटके, आणि बॉस्टन सातव्या सामन्यात हरले. मालिकेपूर्वीच्या सराव सामन्यात चेंडू लागून त्याचे कोपर दुखावले होते, ही गोष्ट हिशेबात कोण धरतो! बॉस्टनच्या वृत्तपत्रांशी त्याचे सूत कधी जमलेच नाही. मोठ्या प्रसंगी कच खाणारा, हा लौकिक त्याच्या पाठीशी लागला तो लागलाच.

आता १९४१ च्या मोसमाचा शेवटचा दिवस आठवावा. विल्यम्स तेव्हा २३ वर्षांचा होता. त्या सकाळी त्याची सरासरी ०.३९९५५, म्हणजे पूर्णांकात ०.४०० भरत होती. तो स्वस्थ बसता तर हा दुर्मीळ मान पदरात पडलाच होता, आणि व्यवस्थापकाने त्याला तशी मुभाही दिली होती. त्याने ती नाकारली. फिलाडेल्फियात तो त्या दिवशीचे दोन्ही सामने खेळला, आठ प्रयत्नांत सहा फटके मारले आणि सरासरी ०.४०६ वर नेली. त्यानंतर मेजर लीगच्या पूर्ण मोसमात ०.४०० चा पल्ला त्या दोन लीगमध्ये कोणीही गाठलेला नाही. पुढे कोरियाच्या युद्धात हाच गृहस्थ ३९ लढाऊ मोहिमांवर गेला आणि १९५३ साली पेटलेले जेट विमान जमिनीवर घासत उतरवून चालत बाहेर आला. अशा माणसाला दडपण सोसत नव्हते, हे सांगावयाचे धाडस वृत्तपत्राच्या कचेरीत खुर्चीवर बसूनच होऊ शकते.

तेव्हा घडलेल्या पराक्रमाबद्दल मानचिन्ह द्यावयाचे असेल, तर ते ऑर्टिझला खुशाल द्यावे. त्याने ते कमावले आहे. परंतु उद्या सातवा सामना, शेवटचा डाव आणि एका धावेची गरज असेल, अन् या साऱ्यांतून एकालाच पाठवावयाचे असेल, तर आम्ही विल्यम्सला पाठवू.